भुऱ्याचं पोट

चंपतराव निनाव्यांच्या वडिलांचा हातमाग बिनाकीतल्या घराच्या पुढच्या खोलीत होता. लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा तो माग भंगारात गेला, आणि मिसरूडही न फुटलेले चंपतराव गोळीबार चौकाजवळच्या एका सावजी भोजनालयात ताटं धुवायला लागले. ताटं धुता धुता ते मसाला वाटायला शिकले. दगडफूल किती भाजायचं, खोबरं नेमकं कधी उतरवायचं, ज्वारीचं पीठ रश्श्यात कधी सोडायचं हे मालकाने त्यांना कधी शिकवलं नाही. त्यांनी ते पाहून पाहून उचललं. मग एकदा वस्ताद आजारी पडला, कढई यांच्या हातात आली आणि पुढे तीच त्यांची झाली. तिशी-चाळिशी-पन्नाशी त्या कढईपुढेच सरली.

ते मुळात बोलायला कमी. पण कोणी जेवत असलं की हात पुसत समोर येऊन उभे राहायचे. पहिला घास घेतल्यावर माणसाच्या कपाळावर घाम येतो, नाक वाहायला लागतं, तो पाण्याचा ग्लास उचलतो आणि तरी दुसरा घास घेतो. एवढं पाहिलं की चंपतराव विचारायचे, "अजून रस्सा टाकू?" घरीही तेच. बायकोची आई वारली तेव्हा त्यांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. तेरवी होऊन गेल्यावर संध्याकाळी डब्यात बकऱ्याच्या खुरांचा रस्सा घेऊन आले आणि म्हणाले, "खाऊन घे." मुलगा अश्विन दहावीला गणितात नापास झाला त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं, आता पोराला मार पडणार. चंपतराव त्याच्यासाठी भेजा फ्राय घेऊन आले.

आता भोजनालय जुन्या मालकाचा पुतण्या चालवतो. रांधायला नवी माणसं आली. चंपतराव फक्त सकाळी जातात, मसाला भाजून-वाटून देतात आणि दुपारी घरी परततात. अश्विन मौद्याच्या वीज प्रकल्पात टेक्निशियन आहे. तो बायको पिंकी हिला घेऊन तिकडेच राहतो आणि एखाद्या रविवारी येतो. रुखमाबाई, म्हणजे चंपतरावांच्या बायको, अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्याही आता घरीच असतात. दोघंच असल्यावर भाजी-पोळी त्याच करतात. चंपतरावांच्या हातचं खायला घरात रोजचं असं कोणी उरलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात रुखमाबाईंना राशन दुकानासमोर उभ्या असलेल्या हातगाडीखाली एक पिल्लू सापडलं. भुरं, कानाचं टोक पांढरं. त्यांनी पदरात गुंडाळून घरी आणलं.

"घरात कुत्रं कायले पायजे वं?" चंपतराव म्हणाले.

"थंडीनं मरून राहिलं होतं. मोठं झालं की जाईन आपल्या वाटेनं."

ते गेलं नाही. त्याचं नाव भुऱ्या पडलं. रुखमाबाईंनी अंगणवाडीत इतकी वर्षं पोरांना पोलिओचे डोस पाजले होते, आयांच्या मागे लागून लागून त्यांना सुईला आणलं होतं. त्याच शिस्तीने त्यांनी भुऱ्याला पिशवीत घालून नेलं आणि त्याची इंजेक्शनं वेळच्या वेळी करून घेतली. त्याचं खाणंही त्यांनीच ठरवलं. दुधात कुस्करलेली पोळी, दहीभात, कधी उकडलेलं अंडं.

दुपारी त्या पडायच्या. तीच चंपतरावांच्या परतण्याची वेळ. ते ओट्यावर बसायचे, पिशवीतून डबा काढायचे आणि झाकण उघडायचे. डब्यात मटणाची हाडकं असायची, त्यावर तळाचा दाट रस्सा. भुऱ्या खायचा, शिंकायचा, पाण्याच्या भांड्याकडे पळायचा आणि पुन्हा येऊन खायचा. चंपतराव भिंतीला टेकून पाहत बसायचे. डबा धुऊन, पुसून ते आत यायचे. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. फक्त त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

भुऱ्याला कधीमधी पातळ व्हायचं. रुखमाबाई म्हणायच्या, गल्लीत काहीतरी तोंडात घातलं असेल. दोन दिवस नुसता दहीभात दिला की तो ठीक व्हायचा.

मग पोळा आला. श्रावणभर भोजनालयात माशा मारायची वेळ असते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, लोक दारात रांग लावतात. शहरात मारबतीची मिरवणूक निघाली होती, गर्दी परतताना सरळ जेवायलाच शिरत होती. त्या दिवशी पुतण्याने चंपतरावांना संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. कितीतरी महिन्यांनी ते पुन्हा कढईपुढे उभे राहिले. खूश होते. घरी येताना डबा पुरला नाही म्हणून त्यांनी वेगळी पिशवीही भरून आणली. नळ्या होत्या, मानेची हाडं होती. रुखमाबाई शेजारी मीराबाईकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेली पोरं पाहायला गेल्या होत्या. भुऱ्याने दोन-चार हाडकं सोडून सगळं खाल्लं. एवढं खाताना त्याला त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भुऱ्याला पातळ झालं. पुन्हा झालं. दुपारपर्यंत तो सारखा कोपऱ्यात जाऊन बसत होता.

"उष्णता झाली असंन," चंपतराव म्हणाले. त्यांनी ताकात जिरं घालून त्याच्यापुढे ठेवलं. ते त्याने थोडं चाटलं. संध्याकाळी रुखमाबाई पूजेला बसल्या तेव्हा त्यांनी पिशवीत उरलेली दोन हाडकं त्याला घातली. रिकाम्या पोटी कमजोरी येते, असा त्यांचा हिशेब. ती त्याने चघळली आणि अर्धवट सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईंची हाक आली. "अहो, इकडे या. लवकर या."

ओट्याच्या कडेला भुऱ्या पाठीची कमान करून कुंथत होता. बाहेर पडत होता तो नुसता चिकट शेंबडासारखा पदार्थ, आणि त्यात ताजं लाल रक्त. जरा वेळाने त्याने ओकारी केली, पिवळं पाणी पडलं. मग तो भिंतीशी आडवा झाला. चंपतरावांना काय करावं ते सुचेना. त्यांनी आतून डबा आणला आणि त्याच्याजवळ झाकणाचा आवाज केला. एरवी त्या आवाजाला तो झोपेतून उठायचा. आता त्याने कानही हलवला नाही.

"डबा काहून वाजवून राहिले तुम्ही?" रुखमाबाईंनी विचारलं. "कवडूले बोलवा. ऑटो घेऊन ये म्हणा."

कवडू गल्लीच्या तोंडाशी राहणारा ऑटोवाला. त्याने सीटवर जुनं पोतं टाकलं. रुखमाबाईंनी भुऱ्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं. कमाल चौकाच्या पुढे एका गल्लीत जनावरांच्या डॉक्टर बसतात, कामिनी ढोबळे. भुऱ्याची इंजेक्शनं त्यांच्याकडेच झाली होती.

डॉक्टरांनी त्याला पत्र्याच्या टेबलावर ठेवलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती लगेच बसली नाही. पोट दाबलं तेव्हा भुऱ्या कण्हला.

"पाणी कमी झालंय अंगातलं," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

"काल पातळ झालं, आज रक्त," रुखमाबाई म्हणाल्या.

"खायला काय देता?"

"पोळी-दूध, दहीभात. कधी अंडं. दुसरं काही नाही देत मी."

"बाहेरचं काही खाल्लं?" डॉक्टरांनी चंपतरावांकडे पाहिलं.

"नाही जी," चंपतराव म्हणाले.

डॉक्टरांनी भुऱ्याच्या हिरड्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाल्या, "वर्षाच्या आतला कुत्रा रक्ताची संडास करत असेल तर आधी पार्वोची भीती असते. विषाणू असतो तो. लसी झाल्यात, म्हणून शक्यता कमी आहे. पण टेस्ट करून घेऊ." त्यांनी कापसाच्या काडीवर नमुना घेतला, पट्टीवर थेंब टाकले आणि भुऱ्याच्या पुढच्या पायाला सुई लावून सलाईन सुरू केलं.

पार्वो हा शब्द रुखमाबाईंना ठाऊक होता. मागच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या कुत्रीची दोन पिल्लं त्यानेच गेली होती. त्या भिंतीजवळच्या बाकावर बसल्या आणि बोलायला लागल्या, डॉक्टरांशी की स्वतःशी ते कळत नव्हतं.

"दोन्ही डोस मी तारखेवर आणले. एक दिवस मागंपुढं नाही केला. मंग काहून झालं? त्या मेलेल्या पिल्लांची जागा मी फिनाइलनं धुतली होती, पण मीच तिथून चपलेनं आली असंन. माझ्यानंच आलं घरात. माझंच चुकलं काहीतरी."

चंपतराव टेबलाजवळ उभे होते. भुऱ्याचं डोकं त्यांनी हातात धरलं होतं, सुई निघू नये म्हणून. रुखमाबाई चपलेबद्दल पुन्हा बोलल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "दूध खराब होतं काय? परवा मी दूध उकळलं नव्हतं."

"हाडकं खाल्ली त्यानं," चंपतराव म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. "कसली?"

"मटनाची. रश्श्यातली. सावजीतली जी. म्या घातली."

"किती?"

"करीले लई घातली. पण रोजच घालतो. दुपारी."

"रोज म्हणजे कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

रुखमाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

टेस्टच्या पट्टीवर एकच रेघ आली. पार्वो नव्हता. डॉक्टरांनी भुऱ्याच्या पोटाचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. आतड्याच्या शेवटच्या भागात पांढरे, टोकदार तुकडे दिसत होते, फुटलेल्या बांगडीसारखे.

"शिजलेलं हाड असं चिरफळ्या होऊन फुटतं," त्या म्हणाल्या. "आतून ओरबाडत जातं. कुठे अडकलेलं नाही, हे नशीब. बाहेर पडेल. पण वरून हे तेल, तिखट. आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला अजिबात द्यायचा नाही, त्याचं रक्त बिघडतं त्यानं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही जी."

"आता माहीत झालं." त्यांनी दोन इंजेक्शनं दिली. "आज तोंडाने काही नाही. पाणी थोडं थोडं, तेही ओकला नाही तर. उद्या सकाळपासून गुरगुट्या भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, बारीक करून. चमचा चमचा, दिवसातून चार-पाच वेळा. तेल नाही, हळद नाही, मीठ नाही. ओकाऱ्या थांबल्या नाहीत, किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर लगेच घेऊन या. उद्या तसंही सलाईनला आणायचंच आहे."

"मीठबी नाही?" चंपतरावांनी विचारलं.

"नाही."

"मंग तो खाईन कसा?"

"भूक लागली की खाईल, काका."

घरी भुऱ्याला आतल्या खोलीत पोत्यावर निजवलं. दुपारी रुखमाबाईंनी दोघांसाठी खिचडी टाकली. चंपतरावांना ती जाईना. ते ताटावरून उठून भुऱ्याजवळ जाऊन बसले, पुन्हा आले.

"दिवसभर उपाशी," ते म्हणाले. "उपाशी ठेवून कोणी बरं होते काय? थोडा पातळ रस्सा देला असता, वरचं वरचं पाणी. ताकद तर आली असती."

"डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकलं न तुम्ही?"

"ऐकलं. पण एका दिवसात एवढं होते काय हाडकानं? दुसरं काही खाल्लं असंन. माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाचं पोट नाही बिघडलं. अख्खं नागपूर खाऊन गेलं."

रुखमाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"अश्विनचं बिघडत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अश्विनचं. लहानपणी. तुमचा डबा आला की रात्रभर पोट धरून बसत होता थो. तुम्ही मसाल्यासाठी पहाटे निघून जात होते, तुम्हाले काय समजते? सकाळी संडासात रडत होता. एकदा त्यालेबी असंच रक्त पडलं. मेयो दवाखान्यात नेलं होतं मी त्याले, सांगितलं नाही तुम्हाले. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, याले तिखट द्यायचंच नाही."

"पण तो खात होता की. माझ्यासमोर बसून खात होता."

"दोन घास खात होता. तुम्ही यायच्या आधी मी त्याले वरण-भात खाऊ घालत होती. पोट भरल्यावर तुमच्यासमोर दोन घास. मग तुम्ही हात धुवायले गेले की बाकीचं मी माझ्या ताटात घेत होती."

"अन् हे मले कोणीच नाही सांगितलं."

"कसं सांगणार? तुम्ही समोर बसून पाहत राहता न. त्याचं तोंड पाहत राहता. लहान लेकरू होतं, पण त्याले समजत होतं तुम्हाले किती आनंद होते ते. थोच म्हणे, आई, बाबाले नको सांगू."

चंपतराव उठले. ताट उचलून मोरीत ठेवलं, खिचडी तशीच होती. मग ते पोत्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी संध्याकाळी भुऱ्याने चमच्याने दिलेलं पाणी प्यायलं आणि ते पोटात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोजनालयात निरोप गेला की आज येत नाही. असा निरोप त्यांनी क्वचितच पाठवला असेल. त्यांनी चिकन आणलं, खाटकाकडून हाडं काढून घेतली आणि घरी येऊन पुन्हा बोटांनी चाचपून पाहिलं. छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं. फेस आला तो काढला, पुन्हा आला तो काढला. वर तवंग दिसला तो चमच्याच्या पाठीने उचलून टाकला. आयुष्यभर ज्या तर्रीसाठी गिऱ्हाईकं यायची, तिचा एक थेंबही त्यांनी पातेल्यात राहू दिला नाही. हात सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला आणि बरणी उघडून पुन्हा बंद झाली. भात इतका शिजवला की कण ओळखू येत नव्हता. चिकनचे धागे सुटे करून त्यात मिसळले, गार केलं आणि चव पाहिली. चव नव्हतीच.

भुऱ्याने हुंगलं. थोडं चाटलं, दोन-तीन घास घेतले आणि तोंड फिरवलं. चंपतरावांनी वाटी त्याच्या तोंडाजवळ सरकवली. रुखमाबाई दारातून म्हणाल्या, "असू द्या. बस झालं त्याचं." त्यांनी वाटी मागे घेतली.

पुढचे काही दिवस असेच गेले. सलाईनला नेऊन आणायचं, गोळी दह्यात चुरून द्यायची, थोड्या थोड्या वेळाने भात. एकदा पुन्हा रक्ताचे तंतू दिसले तेव्हा चंपतरावांनी डॉक्टरांना फोन लावला आणि इतक्या जोरात बोलले की मीराबाई भिंतीपलीकडून धावत आली. डॉक्टर म्हणाल्या, तुकडे बाहेर पडत आहेत, थोडं रक्त दिसणारच, घाबरू नका. मग एका सकाळी ते ओट्यावरून आत आले. रुखमाबाई देवापुढे बसल्या होत्या.

"बांधून झाली," ते म्हणाले.

"काय?"

"संडास. चांगली बांधून झाली. रक्त नाही, काही नाही. येऊन पाह्य न वं."

"आत्ता पूजा आहे माझी," रुखमाबाई म्हणाल्या, पण उठून पाहून आल्या.

भोजनालयात परत जायला लागल्यावर त्यांनी पुतण्याला सांगितलं की मागच्या दाराशी कुत्र्यांना हाडं टाकणं बंद करा. पुतण्या हसला. "वस्ताद, कुत्रे हाडं नाही खाणार तर काय पनीर खातीन?" चंपतरावांनी मोरीवरच्या माणसाला बजावून हाडं कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावली. त्यांची पाठ फिरली की काही हाडं मागच्या दाराशी पडतातच. दुपारनंतर ते तिथे नसतात.

पुढच्या आठवड्यात अश्विन आणि पिंकी आले. चंपतराव दर वेळेप्रमाणे सकाळीच मटण आणतील असं रुखमाबाईंना वाटलं होतं. त्यांनी आणलंही, पण थोडं. स्वयंपाकघरात शिरून त्यांनी वरणाला डाळ टाकली, भात लावला, रस्सा एका लहान पातेलीत केला. जेवायच्या वेळी तो वाटीत घालून ताटापासून दूर ठेवला.

अश्विनने वरण पाहिलं आणि आईकडे पाहिलं.

"सांगितलं मी यांले," रुखमाबाई म्हणाल्या.

अश्विन खाली बघून म्हणाला, "बाबा, मले आवडते तुमचा रस्सा. खरंच आवडते. पोटालेच जमत नाही."

"एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं गा."

"सांगणार होतो. मग राहूनच गेलं. मोठा झाल्यावर वाटलं, आता काय सांगायचं."

चंपतरावांनी मान हलवली. "खा," म्हणाले, आणि समोर न बसता बाहेर ओट्यावर गेले. भुऱ्या त्यांच्या मागे गेला. तो हडकला होता, पण गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवर भुंकत होता. आतून भांड्यांचे, बोलण्याचे आवाज येत होते. अश्विनने किती खाल्लं, काय सोडलं, ते त्यांना दिसत नव्हतं. एकदा ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

जेवून अश्विन बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी टेकला. प्रकल्पात एक युनिट दुरुस्तीसाठी बंद होतं, त्याबद्दल बोलला. चंपतरावांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण त्यांनी विचारलं, "तिथं कँटीनमध्ये काय देतात?" अश्विन हसला. "पातळ वरण अन् जाड पोळ्या," म्हणाला.

काही दिवसांनी अश्विनचा फोन आला. एरवी तो आईशी बोलायचा आणि बाबांना नमस्कार सांग म्हणून ठेवून द्यायचा. या वेळी म्हणाला, बाबांना दे.

"बाबा, रविवारी येऊन राहिलो. पातळभाजी करता का? पालकाची, चण्याची डाळ टाकून."

"करतो," चंपतराव म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मटणाचे, कोंबडीचे, खुराचे, खिम्याचे सगळे प्रकार त्यांच्या हातात होते, पण पातळभाजी त्यांनी कधीच केली नव्हती. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि रुखमाबाईंना विचारलं, डाळ आधी भिजवायची की तशीच टाकायची.